माझ्या बिटकॉइनवरचा खटला

फेब्रुवारी २०२३ मधली मंगळवारची सकाळ. कामाला बसण्याआधी सवयीने क्रिप्टो एक्स्चेंजचं, म्हणजे डिजिटल चलनाच्या बाजाराचं, अ‍ॅप उघडलं, तर बिटकॉइनसमोर शून्य. टेदरसमोरही (डॉलरच्या किमतीला बांधलेलं डिजिटल चलन) शून्य. आदल्या आठवड्यात तिथे २.६ बिटकॉइन आणि ३६ हजार टेदर होते. त्या वेळच्या भावाने सगळे मिळून ९५-९६ हजार डॉलर.

आधी चोरीच वाटली. घाईघाईने पासवर्ड बदलला, बँकेला फोन केला, मग व्यवहारांची यादी उघडली. दोन्ही रकमा शुक्रवारी, १० तारखेला, एकाच वेळी बाहेर गेल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं की कायदेशीर आदेशानुसार हस्तांतर. एक्स्चेंजच्या मदत केंद्राने एवढंच कळवलं की न्यायालयाच्या वॉरंटनुसार हे करावं लागलं, अधिक माहिती देता येणार नाही, अमेरिकेच्या अमुक केंद्रीय तपास यंत्रणेशी संपर्क साधा. सोबत एक फोन नंबर होता.

फोनवरचा अधिकारी सभ्यपणे बोलला. मी विचारलं, "माझ्यावर काही आरोप आहे का?" तो म्हणाला, "नाही. तुम्हाला पत्र येईल, त्यात सगळं असेल." मी आणखी दोनदा तोच प्रश्न फिरवून विचारला. दोन्ही वेळा उत्तर 'नाही' आलं. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं.

रात्री बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्यावर केस नाही ना? मग झालं तर. चूक झाली असेल त्यांची, देतील परत." मलाही तसंच वाटत होतं. त्या 'नाही'चा खरा अर्थ कळायला मला तीन महिने लागले. माझ्यावर आरोप नव्हता, म्हणूनच आरोपीला जी संरक्षणं मिळतात त्यातलं एकही मला मिळणार नव्हतं.

अमेरिकेत सरकारने मालमत्ता घेण्याचे दोन टप्पे असतात आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना त्यातला फरक माहीत नाही. पहिला टप्पा जप्तीचा. वस्तू सरकारच्या ताब्यात जाते, मालकी अजून तुमचीच असते. दुसरा टप्पा ती वस्तू सरकारजमा होण्याचा. तिथे मालकी संपते. फौजदारी मार्गाने सरकारजमा करायचं तर आधी माणसाचा गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, तोही वाजवी शंकेला जागा न ठेवता. दिवाणी मार्गात माणूस लागतच नाही. तिथे खटला वस्तूवर चालतो. ती वस्तू गुन्ह्यातून आली किंवा गुन्ह्यात वापरली गेली याकडे पुराव्याचं पारडं जरासं झुकलं तरी पुरतं. सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही. तुमचं राहतं घरच पणाला लागलं असेल आणि तुमची ऐपत नसेल, तर गोष्ट वेगळी.

मी पत्राची वाट पाहत बसलो, आणि तीच माझी मोठी चूक. आम्ही २०२२ च्या उन्हाळ्यात घर बदललं होतं. बँकेत, नोकरीत, वाहन परवान्यावर सगळीकडे नवा पत्ता दिला, एक्स्चेंजच्या खात्यावर मात्र जुनाच राहिला. पत्र जुन्या घरी गेलं. तिथल्या नव्या भाडेकरूंनी ते जपून ठेवलं आणि ६ मे रोजी, शनिवारी, फोन करून मला दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पत्रावर तारीख होती १० एप्रिल. जप्तीपासून ६० दिवसांच्या आत नोटीस पाठवावी असा नियम आहे, ती एकोणसाठाव्या दिवशी निघाली होती. दावा दाखल करायची मुदत १५ मे. माझ्या हातात नऊ दिवस उरले होते.

पत्र तीन पानांचं. मालमत्तेचं वर्णन, तिची डॉलरमधली किंमत, जप्तीची तारीख, कायद्याची कलमं, आणि खाली दोन मार्ग. पहिला 'क्लेम', म्हणजे मालकीचा दावा. दुसरा 'पिटिशन', म्हणजे माफीचा अर्ज. अर्जाचा मार्ग वाचायला सोपा होता. आपली बाजू मांडा, कागद जोडा, यंत्रणाच निर्णय देईल. मला तोच बरा वाटला. कोर्ट नाही, वकील नाही, समजूतदारपणे बोलून सुटेल असं वाटलं. शनिवारी रात्री बसून अर्ज जवळजवळ पूर्ण भरला.

बायको म्हणाली, "सही करण्याआधी एकदा कुणाला तरी दाखव. एवढी रक्कम आहे." तिचं ऐकलं म्हणून वाचलो. सोमवारी चार वकिलांना फोन केले. दोघांनी एवढ्या रकमेचं प्रकरण घेत नाही म्हणून सांगितलं, एकाने आगाऊ मागितलेला आकडा ऐकून मीच थांबलो. चौथ्या बाईंनी पत्र मागवलं आणि तासाभरात उलट फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही पिटिशन पाठवली तर नाही ना?"

मग त्यांनी समजावलं. माफीच्या अर्जात सरकारजमा करणं योग्यच होतं असं धरून चाललं जातं. तुम्ही फक्त दया मागता, आणि ती द्यायची की नाही हे ती यंत्रणा किंवा न्याय विभाग ठरवतो. न्यायाधीशासमोर प्रकरण जातच नाही. दावा केला, तर मात्र चेंडू सरकारकडे जातो. दावा मिळाल्यापासून ९० दिवसांत सरकारने कोर्टात तक्रार दाखल करायची, फौजदारी आरोपपत्रात त्या मालमत्तेचा समावेश करायचा, नाहीतर मालमत्ता सोडायची. ज्यांना हे दोन शब्द सारखेच वाटतात आणि जे सोप्याकडे वळतात, त्यांचं पुढे काय होतं हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक प्रकरणं न्यायाधीशाने न पाहताच संपतात. कुणी दावाच करत नाही."

मुदतीत दावा आला नाही, तर प्रशासकीय पातळीवर एका जाहीरनाम्याने मालमत्ता सरकारची होते. रोख रकमेला मर्यादा नाही, इतर मालमत्तेला पाच लाख डॉलरपर्यंत हा मार्ग खुला आहे. नोटीस सरकारच्या फॉरफीचर डॉट गव्ह या संकेतस्थळावर सलग ३० दिवस प्रसिद्ध होते. मी नंतर तिथे माझीच नोंद शोधून काढली. मागेपुढे शेकडो नोंदी होत्या: गाड्या, रोकड, दागिने, आणि दर काही ओळींनी बिटकॉइन, इथर, टेदर.

दाव्याचा कागद खरं तर साधा असतो. मालमत्ता कोणती, तुमचा तिच्याशी संबंध काय, आणि खोटं असेल तर शिक्षेला पात्र राहीन अशी शपथ. २००० साली कायद्यात मोठी सुधारणा झाली. तोवर दावा करायलाच आधी हमीची रक्कम भरावी लागे, आणि मालमत्ता निर्दोष असल्याचं मालकालाच सिद्ध करावं लागे. आता सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी सरकारवर आहे. आमचा दावा १२ मे रोजी त्यांच्या हातात पडला. कुरिअरची पोचपावती मी अजून जपून ठेवली आहे.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारले होते. हा पैसा कुठून आला? आणि अनोळखी माणसांना तुम्ही क्रिप्टो किती वेळा विकलं? दुसऱ्या प्रश्नाचा रोख मला तेव्हा कळला नाही. परवान्याशिवाय पैसे इकडून तिकडे पोचवण्याचा धंदा करणं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि त्या धंद्यात गुंतलेली मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. मार्च २०१३ मध्ये अर्थ खात्याच्या फिनसेन या विभागाने स्पष्ट केलं होतं की आभासी चलनाची देवघेव करणारे व्यावसायिक याच चौकटीत येतात. मी एकदाच विकलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये, व्यक्ती-ते-व्यक्ती व्यवहार जुळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून, ०.८ बिटकॉइन, ३६ हजार टेदरच्या बदल्यात.

"एक्स्चेंजवरच का नाही विकलं?" त्यांनी विचारलं.

"तो बाजारभावापेक्षा दोन टक्के जास्त देत होता."

त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कोर्टात शपथेवर सांगावं लागेल, तयारी ठेवा."

तक्रार ८ ऑगस्टला दाखल झाली, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. तिच्यावर माझं नाव कुठेच नव्हतं. शीर्षक होतं, 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अंदाजे २.६ बिटकॉइन आणि अंदाजे ३६,००० टेदर'. मी ते कितीतरी वेळ पाहत राहिलो. अशी शीर्षकं इथे नवी नाहीत. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अंदाजे ६४,६९५ पौंड शार्कचे पर' नावाचा खटला खरोखर झालेला आहे. सिल्क रोड या काळ्या बाजाराशी जोडलेला साठा २०२० मध्ये जप्त झाला, तेव्हाचा खटला 'अंदाजे ६९,३७० बिटकॉइन' यांच्यावर होता. आमचे कागद ज्या नियमांनुसार चालले, त्या नियमावलीच्या नावातच 'समुद्री दावे' असा शब्द आहे. मूळ कल्पना जहाजांची. तस्करांच्या किंवा चाच्यांच्या जहाजाचा मालक सातासमुद्रापार असे, त्याला कोर्टात आणता येत नसे, म्हणून बंदरात लागलेलं जहाजच प्रतिवादी करायचं. १८२७ मध्ये 'पामायरा' या जहाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं की मालकाला शिक्षा झालेली नसली तरी जहाज सरकारजमा होऊ शकतं.

हे तर्कशास्त्र डिजिटल चलनाला चपखल बसतं आणि ते मी मनापासून मान्य करतो. खंडणीखोर हॅकर दुसऱ्या देशात बसलेला असतो, तो कधीच अमेरिकन कोर्टात येणार नसतो, पण त्याचं वॉलेट, म्हणजे डिजिटल चलनाची तिजोरी, हाती लागू शकतं. कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये ७५ बिटकॉइन खंडणी दिली आणि महिन्याभरात त्यातले ६३.७ परत मिळवले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये १,२७,२७१ बिटकॉइनवर न्यूयॉर्कमध्ये दिवाणी तक्रार दाखल झाली. प्रेमाचं किंवा गुंतवणुकीचं आमिष दाखवून लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या कमाईचा तो साठा असल्याचं सरकारचं म्हणणं आहे, आणि ज्याच्यावर मुख्य आरोप झाले तो तेव्हा हाती लागलेला नव्हता. हा कायदा नसता, तर अशा ठिकाणी लुबाडल्या गेलेल्यांना काहीच मिळालं नसतं. माझं दुःख एवढंच की तस्कराच्या जहाजासाठी केलेलं जाळं बंदरातल्या प्रत्येक होडीवर तितक्याच सहजपणे पडतं, आणि होडीवाल्याला आपली होडी आपलीच आहे हे ठराविक दिवसांत, ठराविक कागदांवर, स्वतःच्या खर्चाने सांगावं लागतं.

तक्रारीचे २३ पानांचे तपशील मी एका बैठकीत वाचले. माझ्या ३६ हजार टेदरचा माग त्यात काढला होता. दुसऱ्या एका राज्यातल्या वयस्कर बाईंना, कागदात त्यांचा उल्लेख फक्त 'पीडित ३' असा होता, एका माणसाने ऑनलाइन ओळख वाढवून खोट्या गुंतवणुकीत ओढलं. पतीच्या विम्याचे पैसे त्यांनी टेदरमध्ये बदलून पाठवले. ते तीन वॉलेटांतून फिरले, आणि चौथ्या उडीत माझ्या खात्यात आले. मला दोन टक्के जास्त देणारा माणूस त्या टोळीसाठी माग पुसायचं काम करत होता. टेदर त्याला गुन्ह्याच्या वासासकट कुणाच्या तरी गळ्यात घालायचे होते आणि बदल्यात स्वच्छ बिटकॉइन हवे होते. ते मी त्याला दिले.

त्या रात्री झोप लागली नाही. तोवर मी स्वतःला एकटाच पीडित समजत होतो.

पण मग २.६ बिटकॉइनचं काय? ते मी २०१७ च्या जानेवारी ते जूनमध्ये दर पगाराला ३५० डॉलर टाकून घेतले होते. बारा वेळा. सुरुवातीला भाव हजाराच्या आसपास होता, जूनपर्यंत अडीच हजारांवर गेला. एकूण ३.४ बिटकॉइन जमले, त्यातले ०.८ विकले. बाकीच्यांना कुणाचा हात लागलेला नव्हता. सरकारचं म्हणणं असं की लुबाडलेले टेदर ज्या खात्यात आले, त्याच खात्यात हे बिटकॉइन होते, त्यांच्यात मिसळल्याने चोरीचा पैसा लपायला मदत झाली, म्हणून सगळं खातंच मनी लाँडरिंगमध्ये 'गुंतलेलं'. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

याच मुद्द्यावर माझी सगळी लढाई झाली, आणि तंत्रज्ञान समजून घेतल्याचा उपयोगही इथेच झाला. लोकांना वाटतं, ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या खुल्या नोंदवहीवर, सगळं दिसतं, म्हणून सिद्ध करणं सोपं. एक्स्चेंजच्या बाबतीत ते खरं नाही. एक्स्चेंजवर ठेवलेले 'माझे' बिटकॉइन ब्लॉकचेनवर माझ्या नावाने कुठेच नसतात. ते एक्स्चेंजच्या मोठ्या सामायिक वॉलेटात असतात आणि माझ्या वाट्याची फक्त एक नोंद त्यांच्या खातेवहीत असते. सरकारच्या आलेखातले बाण टेदरच्या जमा पत्त्यापर्यंत येऊन थांबत होते. पुढे ब्लॉकचेन गप्प होती. पुढचं जे काही सत्य होतं ते एक्स्चेंजच्या खातेवहीत होतं, आणि ती खातेवही प्रत्येक चलनाची वेगळी असते.

मी तीन शनिवार-रविवार एकच तक्ता करत बसलो. २०१७ च्या बारा खरेद्या. प्रत्येकीसमोर माझ्या बँकेतून निघालेली रक्कम, तिची तारीख, त्याच आठवड्याची पगाराची पावती, एक्स्चेंजचा खरेदीचा ईमेल. मग सप्टेंबर २०२१ चं ०.८ बिटकॉइनचं हस्तांतर, त्याच्या हॅशसकट, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या ओळखक्रमांकासकट. मग टेदरची जमा. आणि त्यानंतर जप्तीपर्यंत काहीही नाही. टेदर विकून बिटकॉइन घेतले नव्हते, बिटकॉइन विकून टेदर घेतले नव्हते. दोन्ही चलनं एका खात्यात होती हे खरं, पण त्या एका विक्रीनंतर त्यांची एकमेकांशी एकदाही देवघेव झालेली नव्हती. एका कपाटात ठेवलेल्या दोन बंद डब्यांसारखं.

वकीलबाईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "हा कागद मला पन्नास तास काम करूनही बनवता आला नसता." त्यांचा कायदेशीर मुद्दा हाच होता की नुसतं शेजारी असणं पुरेसं नाही. चांगल्या पैशाने वाईट पैसा लपवायला प्रत्यक्ष मदत केली, हे सरकारला दाखवावं लागेल.

दुसरा भक्कम कागद होता २०२१ चं कर विवरणपत्र. मार्च २०१४ मध्ये आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, जाहीर केलं होतं की आभासी चलन करासाठी मालमत्ता मानलं जाईल. त्यामुळे ०.८ ची विक्री आणि तिच्यावरचा नफा मी फॉर्म ८९४९ वर दाखवला होता आणि कर भरला होता. जप्तीच्या दहा महिने आधी. गुन्ह्याचा पैसा लपवणारा माणूस तो सरकारच्याच फॉर्मवर तारखेसकट लिहून देत नाही. तो फॉर्म भरताना मी कंटाळलो होतो, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो.

तक्रार आल्यावर पुन्हा सगळं नव्याने. यंत्रणेकडे केलेला दावा संपला, आता कोर्टात वेगळा दावा, नोटीस पाठवल्यापासून ३५ दिवसांत. त्यानंतर २१ दिवसांत तक्रारीला उत्तर. यातली एक तारीख चुकली तरी दावा फेटाळण्याची मागणी सरकार करू शकतं. मग आली सरकारची प्रश्नावली. दावेदार कोण आणि त्याचा मालमत्तेशी संबंध काय, एवढ्यापुरतेच प्रश्न विचारायची मुभा असते, पण तेवढ्यातच सतरा प्रश्न होते. उत्तरं शपथेवर. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटली. माझ्यावर आरोप नव्हता, पण उद्या होणार नाही याची हमीही नव्हती, आणि आज लिहिलेलं उद्या माझ्याविरुद्ध वापरता येत होतं. गप्प राहिलो तर बिटकॉइन जाणार, बोललो तर स्वतःच्याच शब्दांत अडकण्याचा धोका. वकीलबाईंनी सरकारी वकिलाला सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं की सध्या माझ्यावर फौजदारी रोख नाही. 'सध्या' हा शब्द मी महिनोन्‌महिने उराशी घेऊन झोपलो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी वकिलांनी सुचवलं की खटला चालू असताना बिटकॉइन विकून रक्कम डॉलरमध्ये ठेवूया का, म्हणजे भाव पडला तरी नुकसान नको. नियमात अशा मधल्या विक्रीची सोय आहे. भाव तेव्हा २७ हजारांच्या आसपास होता. २०२२ च्या शेवटी तो साडेसोळा हजारांवर गेलेला मी पाहिला होता. घरात दोन दिवस चर्चा झाली. बायको म्हणाली, "आपण विकायला घेतलेच नव्हते. आपलं आहे तसं परत मागूया." आम्ही नकार कळवला. मार्च २०२४ मध्ये भाव ७३ हजारांवर गेला. आनंद झाला असं कुणाला वाटेल, पण जो आकडा आपल्या हातात नाही तो वर जाताना पाहणं फार वाईट असतं. वकिलांची बिलं मात्र माझ्या पगारातून जात होती, तासाला ४५० डॉलर. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावावा लागला.

९ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा कली विरुद्ध मार्शल हा निकाल आला. प्रकरण अलाबामातल्या गाड्यांचं होतं. गाडी जप्त झाल्यावर, मूळ सुनावणीच्या आधी ती आपल्याकडे ठेवता येईल का यासाठी वेगळी प्राथमिक सुनावणी मिळावी, ही मागणी होती. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी कोर्टाने ती नाकारली. मूळ सुनावणी वेळेत झाली की पुरे. सहमतीचं मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती गोर्सच यांनीही या पद्धतीबद्दल गंभीर प्रश्न उपस्थित केले होते, ते मी दोनदा वाचले. २०१९ मध्ये टिंब्स प्रकरणात याच कोर्टाने अवाजवी दंडाविरुद्धचं संरक्षण राज्यांनाही लागू केलं होतं, ४२ हजार डॉलरच्या एका लँड रोव्हरवरून. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये आणि मेनने २०२१ मध्ये आपापल्या कायद्यात दिवाणी मार्गच बंद केला. पण केंद्रीय कायदा आहे तिथेच आहे, आणि डिजिटल चलनाची बहुतेक मोठी प्रकरणं केंद्राकडेच जातात.

त्याच महिन्यात समेटाची बोलणी सुरू झाली. माझ्या तक्त्यावर सरकारी तज्ज्ञाने एकही हरकत घेतली नाही. प्रस्ताव आला: बिटकॉइन पूर्ण परत, टेदर सरकारजमा, आणि दोन्ही पक्षांनी आपापला खर्च सोसायचा.

टेदरसाठी लढता आलं असतं. मोल देऊन, शंका घ्यायला वाजवी कारण नसताना ज्याने वस्तू घेतली, त्याला कायदा निर्दोष मालक मानतो. मोल मी दिलं होतं, ०.८ बिटकॉइन. राहिला प्रश्न वाजवी कारणाचा. वकीलबाई म्हणाल्या, "आपली बाजू ठीक आहे, अगदी मजबूत नाही. दोन टक्क्यांचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल." मी त्यांना सांगितलं की ते उत्तर माझ्याकडे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मला स्वतःला प्रश्न पडायला हवा होता, की हा माणूस जास्त का देतोय. तो पडला नाही, कारण जास्त मिळत होतं. आणि ते टेदर कुणाचे होते हे आता मला माहीत होतं. मी ते सोडले.

खर्चाचं मात्र मला अजून खुपतं. दावेदार बऱ्याच अंशी जिंकला, तर त्याच्या वकिलाचा वाजवी खर्च सरकारने द्यावा, अशी तरतूद कायद्यात आहे. पण समेटात तो हक्क सोडण्याची अट असते आणि ती न मानायची तर आणखी वर्षभर थांबायची तयारी लागते. माझे एकूण ३४ हजार डॉलर गेले. माझे बिटकॉइन वाढले म्हणून मी ते सोसू शकलो. ज्याचे पाच-सात हजार डॉलरचे कॉइन जप्त होतात, त्याने काय करायचं? कोणता वकील ते घेईल? तो माणूस कागदाची घडी करून ठेवून देतो, आणि सरकारच्या नोंदीत लिहिलं जातं की कुणी दावा केला नाही.

जुलैमध्ये न्यायाधीशांनी समेटावर सही केली. दीड वर्षात मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. सप्टेंबरमध्ये परतीची प्रक्रिया झाली. मी नवं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवायचं छोटं उपकरण, घेतलं, पत्ता वकीलबाईंमार्फत लेखी दिला, आधी अगदी छोटी चाचणी रक्कम आली, ती मिळाल्याचं मी ईमेलने कळवलं आणि दोन दिवसांनी उरलेले बिटकॉइन आले. बायको शेजारी उभी होती. ब्लॉकचेनवर व्यवहाराच्या सहा पुष्ट्या होईपर्यंत, जवळजवळ तासभर, आम्ही दोघं स्क्रीनसमोरून हललो नाही. मग बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, देतील परत." मी हो म्हटलं.

समेटाच्या कागदात टेदरबद्दल एक कलम आहे. ते पीडितांना द्यावेत अशी शिफारस सरकारी वकील करतील, असं त्यात लिहिलंय. मी वकीलबाईंना विचारलं की म्हणजे त्या बाईंना मिळतील ना? त्या म्हणाल्या की त्यांना स्वतः अर्ज करावा लागेल, तोच माफीचा अर्ज, पुरावे जोडून. निर्णय न्याय विभाग घेईल आणि तो आपल्याला कळवला जाणार नाही.

ते ३६ हजार टेदर ज्या पत्त्यावर गेले तो तक्रारीत छापलेला आहे, ब्लॉकचेनवर कुणालाही दिसतो. मी महिन्यातून एकदा तो उघडून पाहतो. मागच्या वेळी पाहिलं तेव्हा ते तिथेच होते.